पोळ्याला धुतलेले उंदीर

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आधी चहा घ्या, कारण ऐकून तुम्हाला माझ्या अकलेची कीव येणार आहे!

मी वाशीमच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो. हसू नका! आमच्या रेखामॅडम न्यूमोनियाच्या लशीवर काम करतात. त्या जंतूच्या अंगावर म्हणे साखरेचं कवच असतं. नुसतं कवच शरीराला नीट ओळखू येत नाही, म्हणून त्याला प्रथिन जोडून लस करायची, ती उंदरांना टोचायची आणि मग जंतू नाकात सोडून बघायचं. बारा पांढरे उंदीर होते. सहांना लस, त्यांच्या शेपटीवर एक काळी रेघ. सहांना नुसतं मिठाचं पाणी, त्यांना दोन रेघा. मॅडमची तीन वर्षांची मेहनत या बारा जणांवर!

जंतू सोडायच्या आदल्या दिवशी पोळा आला. सगळे सुट्टीवर, मी एकटा ड्युटीवर. तिकडे गावी, इंझोरीला माझे भाऊ बैल धूत असणार, आणि माझी जनावरं मळकी? मला राहवेना. कापसाला स्पिरिट लावलं आणि एकेकाची शेपटी लख्ख पुसून काढली. बाराव्या शेपटीला लक्षात आलं, अरे, रेघा कुठायत?

पायाखालची जमीनच सरकली! मॅडमना फोन करायचा धीर होईना. मग मनाशी म्हटलं, आपण गोठ्यात वाढलो. शंभर बैलांत आपला बैल तोंडावरून ओळखतो, तिथे बारा उंदीर म्हणजे काय? एकेकाच्या डोळ्यांत बघत मार्करने रेघा मारल्या. हा लशीचा, हा बिनलशीचा. काय तो आत्मविश्वास!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जंतू सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एका रेघेचे सहाही अंग फुगवून कोपऱ्यात धापा टाकताहेत, आणि दोन रेघांचे मजेत खाताहेत! चांगली लस माझ्यापायी फेकली जाणार होती. डबा उघडला, तसाच बंद केला.

शेवटी मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. त्या मूळच्या केनवडच्या, त्यामुळे आमचं बोलणं वऱ्हाडीतच.

"मॅडम, मले कामावरून काढा."

"काहून? काय झालं?"

"पोळ्याले उंदरं धुतले. रेघा गेल्या. मंग मीच मनानं मारल्या."

मॅडम ताडकन उठल्या. "कायच्या आधारावर?"

"तोंडं पाहून."

मी घामाघूम! मग त्यांनी वही काढली आणि एकेक उंदीर उचलून त्याचा कान बघू लागल्या.

"भाऊ, यायच्या कानाले भोकं हायेत. उजव्या कानाले भोक तो लसवाला, डाव्या कानाले तो बिनलसवाला. आमची नोंद कानावरून राह्यते. रेघा तं तुमच्या सोयीसाठी होत्या!"

"भोकं? मले वाटलं, भांडणात कान फाटले!"

बारावा उंदीर पिंजऱ्यात ठेवून त्या हसल्या. "लस कामी आली. लसवाले सहाही ठणठणीत!"

खरं सांगतो, मला रडूच फुटलं. पण खोड कुठे जाते? डोळे पुसत हळूच विचारलं, "माह्या रेघा किती चुकल्या?"

"बाराच्या बारा! डोये मिटून मारल्या असत्या, तरी निम्म्या बरोबर आल्या असत्या." मॅडमनी वही मिटली. "जंतू ओयखाले आमी प्रथिनाची जोड देली, भाऊ. तुमाले उंदीर ओयखाले कायची जोड देऊ?"