बायकोच्या अंगातला साळा

आमची चांगुणा म्हणजे गाय हो. दारातल्या कुत्र्याले हाड म्हणतानाही तिले लाज वाटे. साखरखेर्ड्याच्या बाजारात वांगी घेऊन बसली की गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, अन् वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट. मी बोंबलत राहो, ती हसून सोडून दे.

तिचा भाऊ, म्हणजे माहा साळा भगवंतराव, नेमका उलटा. तो जानेफळचा. एसटी वेळेवर आली तरी कंडक्टरशी भांडणार! शहाऐंशी साली चांगुणाले रक्ताचा कॅन्सर निघाला अन् मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, भावाच्या हाडातला रस काढून हिच्यात घालावा लागेल. भगवंतरावनं तो दिला, पण डॉक्टरशी दोनदा भांडून.

घरी निघताना डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. म्हणे हिचा रक्तगट आता भावाचा झाला, दर तीन महिन्यांनी तपासायले आणा. भावाचं रक्त टिकलं तोवर चांगलं, जुनं परत दिसलं की समजा बिमारी फिरून आली.

तीन महिने कोणाले दम निघते? मी घरीच तपासायले लागलो. रक्त भावाचं तर सोभावही भावाचाच असणार, एवढं कोणालेही कळते. पहिल्याच आठवड्यात मी चिखलाच्या पायानं सारवलेल्या घरात फिरलो. चांगुणानं वर पाह्यलं अन् म्हणे, डोळे फुटले का? मी तसाच जाऊन मारुतीपुढं नारळ फोडला.

मग रोजचंच झालं. सकाळी चहात मीठ टाकायचं, दुपारी तिच्या माहेराले नावं ठेवायची. शिव्या भेटल्या की मी पोटभर जेवो. शेजारची सोजराबाई तब्येत विचारे. मी सांगो, आज मले मुडद्या म्हणाली, एकदम झकास आहे. बाजारात तिनं एका गिऱ्हाइकाले वांगं फेकून मारलं, तवा तर मी गल्लीत पेढे वाटले.

असं वर्ष गेलं. एका दुपारी मी मुद्दाम दुधाचा गंज लवंडला. सारं दूध चुलीत गेलं. चांगुणा हळूच म्हणाली, "जाऊ द्या. दमले तुम्ही, बसा."

ही तर जुनी चांगुणा! पुढचे दोन दिवस मी काय काय नाही सांडलं, पण ती नुसती पुसत राह्यली. भगवंतरावले बोलावून आणलं. तो दारातूनच तिच्यावर ओरडला, "मले शिवी दे वं, एक तरी दे!" तिनं त्याले पाणी दिलं. तो भांडखोर माणूस तांब्या हातात धरून पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी तिघं मुंबईले निघालो. तिथं चांगुणाचं रक्त तपासायले दिलं. कागद यायले आठ दिवस लागले. डॉक्टरनं वाचला अन् म्हणे, सारं रक्त भावाचंच आहे, जुन्याचा थेंब नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "मंग शिव्या काऊन बंद केल्या?"

ती म्हणे, मले राग कधी आलाच नव्हता, तुम्ही शिव्या खाल्ल्याबिगर जेवत नव्हते म्हणून देत होती. मलेही भेव वाटे, ओरडली की वाटे, जित्ती आहो अजून. ते ऐकून मले इतकी लाज वाटली, तेवढी जन्मात वाटली नव्हती. मी मान खाली घातली.

"मंग त्या दिवशी म्हटलं," चांगुणा म्हणाली, "मरायचंच असन, तर माह्या सोभावानं मरीन."