हायमास्टखालचं गरवं भात

रसायनीच्या एका कारखान्याच्या गेटवर माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, एवढंच काम. त्यामुळे कुणी हसत हसत काही द्यायला आलं की माझी नजर आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे जाते. बायको म्हणते, तुम्हाला देवानं प्रसाद दिला तरी तुम्ही तो उलटा करून बघाल. बघीन की. त्यात काय वाईट आहे?

आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं. बघता बघता त्याचं शहर झालं, शेतांत इमारती उभ्या राहिल्या आणि इमारती नि रस्ता यांच्यामध्ये आमचा एकच तुकडा भाताचा उरला. तो आई लावते. मग एके वर्षी आमच्या वस्तीवर सरकारची माया अचानक उतू जायला लागली. परिसर सुधारणा नावाची काहीतरी योजना होती. आधी सिमेंटचे बाक आले, आणि सगळेच्या सगळे आमच्या शेताकडे तोंड करून बसवले. मी मुकादमाला विचारलं, असे का? तो म्हणाला, "जागा होती म्हणून." हे उत्तर मला बिलकूल पटलं नाही.

नंतर इमारतीची कुंपणभिंत रंगवली. तिच्यावर बैलजोडी आणि लाल फेटा बांधून हसणारा शेतकरी. आमच्याकडे असला फेटा लग्नातसुद्धा कुणी बांधत नाही. त्या भिंतीखाली आई लुगडं खोचून तण बेणत असायची आणि लोक तिच्याकडे पाठ करून चित्रातल्या शेतकऱ्याबरोबर फोटो काढायचे.

मग पावसाळ्यात भिंतीच्या पलीकडे, इमारतीच्या कोपऱ्यावर हायमास्ट आला. उंच खांब आणि वर मोठमोठ्या दिव्यांचं कडं. नारळ फोडायला आमचे नगरसेवक आले. त्यांची मुदत कधीच संपली होती, पण 'माजी' हा शब्द त्यांना काही चिकटला नव्हता. ते आईच्या पाया पडले. "काकी, तुमच्या दारात उजेड आणला बघा," म्हणाले. आई खूश. मी मात्र खाली बघत होतो. उजेड रस्त्यावर पडत होता, पण त्याहून जास्त आमच्या भातावर पडत होता.

दिवा नको होता असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी ठाण्याला नोकरी करते. ती स्टेशनवरून येते तोवर अंधार पडलेला असतो आणि शेताजवळच्या रस्त्यावर कुत्री नि दारू पिऊन बसलेली टोळकी. मी रोज बॅटरी घेऊन वळणापर्यंत जायचो. दिवा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "बाबा, आता घ्यायला येऊ नका." मला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटावं म्हणूनच हे केलं नसेल ना, असंही वाटलं.

आई लावते ते गरवं भात. हळवं लवकर पिकतं, गरवं सगळ्यांच्या मागून. हे बियाणं तिनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं. दरवर्षी चांगल्या लोंब्या ती स्वतः निवडून ठेवते. आता तिच्या माहेरीसुद्धा ते कुणी लावत नाही, सगळे दुकानातून बियाणं आणतात. भाताचं बियाणं वर्षानुवर्षं ठेवून चालत नाही, ते उगवायचं बंद होतं. म्हणजे एखाद्या वर्षी आईच्या शेतात लोंबी धरली नाही, की ते भात संपलं.

नवरात्र झालं. आजूबाजूचं हळवं कापून झालं. आमचं भात निसवायची, लोंब्या टाकायची वेळ आली, आणि ते निसवेना. म्हणजे सगळंच नाही. रंगवलेल्या भिंतीची सावली जिथवर पडत होती, तेवढ्या पट्टीत लोंब्या बाहेर आल्या. सावली संपली तिथून पुढे नुसतं गवत. रेघ मारावी इतकं स्पष्ट दिसत होतं. बाकावर बसलेले लोक म्हणायचे, "वा, किती हिरवंगार!" आई बांधावरून वाकून एकेक ताट चाचपून बघायची.

कृषी खात्याचा माणूस एकदा त्या रस्त्यानं चालला होता, त्याला मी ओढून आणलं. तो म्हणाला, या भाताला रात्र मोठी झाली की निसवायचं कळतं, तुमच्याकडे रात्रच होत नाही. "काकी, पुढच्या वर्षी हळवं लावा. त्याला उजेडाचं एवढं काही नसतं."

मग माझ्या डोक्यात सगळं जुळलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. आधी बाक, म्हणजे लोकांना ही आपलीच जागा वाटावी. मग दिवा, म्हणजे भात पिकू नये. मग म्हातारी कंटाळेल आणि जमीन विकायला निघेल. त्याच आठवड्यात जागेची चौकशी करायला एक दलाल आलाही. मी बायकोला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "तो दरवर्षीच येतो."

मी नगरसेवकांकडे गेलो, भांडायची पुरती तयारी करून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद करू की दिवा. काकी सांगतील तसं." इतक्या लवकर मान्य करणारा माणूस मी गेटवर कधी तपासल्याशिवाय सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खांबाखाली लोक जमवले. इमारतीतल्या बायका होत्या, पोरीबाळी होत्या. माझी मुलगी स्टेशनवरून तशीच आली, पाठीला सॅक लावून. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात त्यांनी आईला विचारलं, "बोला काकी, दिवा ठेवायचा का घालवायचा? तुमचा शब्द आमाला शेवटचा." तेव्हा मला खेळी कळली. आई 'घालवा' म्हणाली तर उद्यापासून सगळ्या वस्तीची वाईट म्हातारी. मी मध्ये पडायला गेलो.

"तू गप ऱ्हा रं," आई म्हणाली. ती माझ्या मुलीकडे वळली. "तुला अंधारात भ्या वाटतं का गं?"

मुलीनं सॅकचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "वाटतं, आजी."

"मग ऱ्हाऊ दे दिवा. भाताला काय भ्या वाटत नाय."

टाळ्या पडल्या. नगरसेवकांनी पुन्हा पाय धरले. मला त्या क्षणी माझ्याच मुलीचा राग आला, आणि ती खोटं बोलली नव्हती म्हणून तो जास्तच आला.

सावलीतली पट्टी तेवढी आईनं कापली. त्यातला दाणासुद्धा शिजवू दिला नाही. वाळवून, पाखडून सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि म्हणाली, मला माहेरी घेऊन चल. तिचा भाचा डोंगराच्या पायथ्याला अजून शेती करतो. त्याच्याकडे लावायला द्यायचं ठरलं.

मी तिला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. पिशवी तिच्या मांडीवर. गावात शिरायच्या आधी रस्त्याच्या कडेनं ओळीनं खड्डे खणलेले दिसले. पुढे लोखंडी खांब आडवे पडले होते, आमच्याकडे आले होते तसलेच. आईला मोतीबिंदूमुळे लांबचं धूसर दिसतं. मी गाडी हळू केली नाही.

भाच्यानं पिशवी हातात घेतली, हो आत्या, लावतो म्हणाला आणि आत चहा सांगायला गेला. आईनं मला जवळ बोलावलं.

"तू समद्या दुनियेवर संशय घेतोस," ती हळूच म्हणाली, "म्हणून तुला इचारते. हितं नाय ना रं लागायचा तसला दिवा?"

"नाय लागायचा, आई."

तिनं लगेच विश्वास ठेवला.