बेकरीच्या गाडीतलं धाकटं घर

नवऱ्यानं ‘धाकटं घर’ केलं म्हटलं की तंजावुरात त्याचा एकच अर्थ घेतात. माझ्या नवऱ्यानं मात्र ते खरोखरच केलं, एका बेकरीनं टाकून दिलेल्या व्हॅनमध्ये. बाई परवडली असती असं मी तेव्हा म्हणत असे, आणि त्यात चेष्टा थोडीच होती.

हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत केबल आली. कुठल्याशा परदेशी वाहिनीवर यांनी एक गोरं जोडपं पाहिलं. गाडीतच झोपणारं, गाडीतच अंडी तळणारं. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय. अशी गाडी करायची आणि थेट साताऱ्याला जायचं.

“आपले लोक तिकडून घोड्यावर आले,” हे म्हणाले, “आपण गाडीनं जाऊन बघून येऊ.”

“त्यांना घोड्यावर बसता तरी येत होतं. तुम्हाला खिळा ठोकता येतो का?”

सल्लागार म्हणून माझा थोरला भाऊ आला. तो इंजिनिअर, म्हणजे आयुष्यभर त्यानं कालव्यांच्या नकाशांवर सह्या केल्या. दोघं सकाळी मोजपट्टी घेऊन व्हॅनच्या पोटात शिरत आणि भूक लागली की बाहेर येत. आठ महिने हे चाललं. पलंग आतच जोडला, तो इतका रुंद की ओट्याला जागाच उरली नाही. मग ओटा पलंगाच्या पायथ्याशी गेला. निजलेल्या माणसानं पाय ताणले की अंगठा शेगडीवर. मी ते दाखवलं, तर भाऊ म्हणतो, “झोपेत स्वयंपाक कोण करतं?”

व्हॅनच्या अंगावर देवनागरीत ‘आमचं घर’ लिहायचं ठरलं. घरात ती लिपी एकट्या मला येत होती, तीही हिंदीच्या परीक्षांच्या कृपेनं. मी कागदावर काढून दिलं. पेंटर तमिळ. त्यानं ‘घ’ला काना दिला आणि ‘आमचं घार’ रंगवून मोकळा झाला. गल्लीत कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे हसायचं काम माझ्या एकटीवर पडलं. ते मी मनापासून केलं.

शेवटी टपावर पाण्याची प्लास्टिकची टाकी चढली, नायलॉनच्या दोरीनं बांधलेली. तिच्यापुढेच भावानं वाऱ्यासाठी टपाला झरोका पाडला होता. “दोरी तुटली तर?” मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बायकांना यातलं काय कळतं, अशी ती नजर होती.

साताऱ्याआधी जवळच्या ओरत्तनाडूपर्यंत जाऊन बघायचं ठरलं. गाडी हे चालवत होते, भाऊ शेजारी, मी मागे पलंगावर, मांडीवर चिंचभाताचा डबा. गाव दिसायला लागलं आणि रस्त्यात एक शेळी आली. यांनी ब्रेक दाबला. शेळी वाचली. दोरी तुटली, टाकी पुढे घसरून झरोक्यावर आडवी झाली आणि तिच्यातलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर आलं.

कापणी चालू होती. शेतातल्या बायका विळे टाकून धावत आल्या. मी डबा उराशी धरून उतरले, निथळत. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं आत डोकावून बघितलं: ओला पलंग, शेगडी, खुंटीला टांगलेली भांडी. मग यांच्या दंडाला हात लावून तमिळमध्ये हळूच विचारलं, “घर गेलं का रे बाबा तुझं?”

“नाही, अम्मा. तंजावुरात आहे. मोठं आहे.”

“मग?”

कचेरीत नुसती भुवई उचलून माणसांना तासभर उभं करणारा हा मनुष्य. तो टपावरून लोंबणारी तुटकी दोरी गुंडाळायला लागला. म्हातारीला वाटलं, लाजतो आहे. म्हणाली, “माझ्या लेकीची ओसरी रिकामीच आहे. राहा काही दिवस. कुणी काही विचारणार नाही.” मला तिनं स्वतःचं कोरडं लुगडं आणून दिलं.

परत येताना मला गप्प बसवेना. मी म्हटलं, “काळजी करू नका. साताऱ्यालाही कुणीतरी ओसरी देईलच.” भाऊ हसला. हे हसले नाहीत, उलटून बोललेही नाहीत. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर साताऱ्याचं नाव निघालं नाही. व्हॅन गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली उभी राहिली. जेवण झालं की हे तिच्यात जात आणि पडदा ओढून घेत. मी महिनाभर तिकडे फिरकले नाही. मग एका दुपारी पोस्टमन यांची सही मागायला आला, म्हणून बोलवायला गेले. हे झोपले नव्हते. भिंतीला टेकून नुसते बसले होते.

“काय करता?”

“काही नाही. बसलोय.”

“घरात बसता येत नाही?”

“येतं. पण घरात तू प्रत्येक गोष्टीला काहीतरी बोलतेस.”

रागानं नाही, एखाद्या फाइलीवर शेरा लिहावा तसं ते म्हणाले. मला लगेच तीन उत्तरं सुचली, तिन्ही चांगली होती. बाहेर पोस्टमन हाका मारत होता. मी चपला काढल्या आणि आत चढले. हे थोडे सरकले.