नाही म्हणता न येणारा माणूस

सर म्हणजे माझे मालक. कॉलेजातली पोरं त्यांना सर म्हणायची, गल्लीतले लोक सर म्हणायचे, मग मीही सरच म्हणू लागले. नांदेडच्या एका कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. त्यातही तर्कशास्त्र जास्त. माणूस एखादी गोष्ट खरी म्हणतो ती कशावरून, बोलण्यातून अर्थ निघतो तो कसा, शास्त्रज्ञाचं सांगणं आणि ज्योतिषाचं सांगणं यांत फरक काय, हे त्यांचं काम. मी चौथी पास. माझं माहेर निलंग्याकडचं. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हा माणूस काही दिवसांनी एखादी बरी नोकरी बघेल.

त्यांनी बघितली नाही. सुरुवातीला वर्गात पोरं असायची, कारण या विषयात कोणी नापास होत नाही अशी बोलवा होती. पुढे ती बोलवाही राहिली नाही आणि पोरंही राहिली नाहीत. सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. ज्या खोलीत ते शिकवायचे तिथे आता कॉम्प्युटर आहेत. सर ती खोली बघून आले आणि म्हणाले, "खिडक्या तरी रंगवल्या."

नोकरीत असताना ते इंग्रजीत लिहायचे. ते कुठे जायचं आणि कोण वाचायचं मला माहीत नाही, आणि फार कोणी वाचत असेल असं वाटत नाही. निवृत्तीनंतर आम्ही लातूरला मुलाकडे राहायला आलो. इथे त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहायला घेतलं. तर्क म्हणजे काय ते साध्या माणसाला कळावं असं. साधा माणूस म्हणून घरात मी होते. मी तूर निवडत बसले की ते खुर्ची ओढून समोर बसायचे आणि लिहिलेलं वाचून दाखवायचे. मी "हाव", म्हणजे हो, म्हणाले तर पान राहायचं. "न्हाई" म्हणाले तर फाडायचे आणि पुन्हा लिहायचे. चिडायचे नाहीत. एकदा सलग सगळीच पानं फाडावी लागली तेव्हा म्हणाले, "तुझ्यापेक्षा विद्यापीठ बरं होतं. तिथं न कळता तरी पास करायचे."

त्यांची उदाहरणं घरातलीच असायची. माझे थोरले दीर गावाकडे शेती करतात आणि पाणाडेही आहेत, म्हणजे तळहातावर नारळ ठेवून रानात फिरतात आणि बोअर कुठे घ्यायची ते सांगतात. लांबलांबून लोक गाडी घेऊन त्यांना न्यायला येतात. एकदा ते जेवायला आले असताना सरांनी विचारलं, "अण्णा, तुम्ही दाखवलेल्या जागी पाणी लागलं तर?"

"तर काय? म्या सांगितलंच होतं की."

"आणि न्हाई लागलं तर?"

"मालकाच्या नशिबात नव्हतं. न्हाईतर मशीनवाल्यानं उशीर केला, झरा सरकला."

"म्हणजे तुमचं कधी चुकतच न्हाई?"

"न्हाईच चुकत!" दिरांनी मांडीवर थाप मारली. "लिही तुझ्या पुस्तकात."

सरांनी खरंच लिहिलं. जे बोलणं कुठल्याच परिस्थितीत चुकू शकत नाही, ते काही सांगतच नाही, असं. मी म्हणाले, पण त्यांच्या सांगण्याने लोकांना बोअर घ्यायची हिंमत तर येते. सर म्हणाले, "हिंमत वेगळी, पाणी वेगळं." ते पान राहिलं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण 'नाही' या शब्दावर होतं. त्यात ते अडकले. लातुरात नळ किती दिवसांनी येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका सकाळी मी नळ सोडला, बंद केला आणि म्हणाले, पाणी न्हाई. तर हे मागे येऊन उभे. "तुला दिसलं काय?"

"काय दिसणार? पाणी न्हाई ते दिसलं."

"नळ दिसला. घागर दिसली. 'न्हाई' कुठं दिसलं?"

"सर, टँकर आलाय कोपऱ्यावर. तुम्ही घागर धरता का मी 'न्हाई' धरू?"

त्यांनी घागर धरली, पण रांगेतही तेच डोक्यात. जगात फक्त असलेल्या गोष्टी असतात, मग 'नाही' येतं कुठून, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण लिहून झालं आणि मी हाव म्हणाले. पण त्यांचं स्वतःचं समाधान झालं नाही. त्यांनी पानांवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या आणि ती बाजूला ठेवली.

त्याच दिवसांत केव्हातरी, भाकरी मोडता मोडता, ते मला म्हणाले, "मी गेलो की मातीत ठेवा. बाकी काही करू नका." आमचं लिंगायताचं घर. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, अंगाला विभूती लावतात, गळ्यात लिंग असतं. सरांनी तरुणपणीच गळ्यातलं लिंग काढून आईच्या हातात दिलं होतं. त्यावरून दिरांनी बरीच वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. "जे मी मानलं न्हाई ते मेल्यावर अंगावर घालून मला खोटं पाडू नका," असं ते म्हणाले. मी म्हणाले, मुलाला सांगा. सांगतो म्हणाले. पण बापलेकांत असलं बोलणं कधी होत नव्हतं, ते झालंच नाही.

मग लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी एक शब्द परत आला. हाव. घरात किती आनंद झाला. सुनेने पेढे आणले. मुलगा विचारायचा, "बाबा, चहा घेता?" हाव. "बाबा, उठून बसता?" हाव. मुलाच्या डोळ्यांत पाणी. मीही त्या दिवशी बरी जेवले.

दुसऱ्या दिवशी मी चहा आणला तर तोंडाला लावेनात. म्हटलं, "नको का?" हाव. "पाहिजे का?" हाव. "मी कोण? तुमची बहीण का?" हाव. त्याच सुरात, तशीच मान हलवून. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची. ती चित्रं दाखवायची. गायीचं चित्र दाखवून हा कप का विचारलं तरी हाव. डाव्या हाताने हो-नाहीची खूण करा म्हटलं तर दोन्ही वेळा तीच खूण. डॉक्टरांना विचारलं, यांना कळतं का? ते म्हणाले, कळत असेलही, नसेलही. इतका शिकलेला माणूस, आणि माझ्या दिरांसारखंच बोलला.

लोकांना मात्र ते हाव पुरेसं होतं. ज्याला जे ऐकायचं असेल तो तसा प्रश्न घेऊन यायचा. शेजारी विचारायचा, "सर, ओळखलं ना?" हाव. खुश होऊन जायचा. नात्यातलं कोणी विचारायचं, "आमच्या पोराला आशीर्वाद आहे ना?" हाव. माणूस आजारी पडल्यावर जेवढे लोक त्याचं मत विचारायला आले, तेवढे तो धडधाकट असताना कधी आले नव्हते.

आणि दीर आले. मठातल्या स्वामींना सोबत घेऊनच आले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सरांचा हात हातात घेतला. ते रडत होते हे खरं, ढोंग नव्हतं.

"बाळ्या, झालं गेलं सोड. लिंग बांधून घेतोस ना?"

"हाव."

"शिवाला मानतोस ना आता?"

"हाव."

स्वामींनी हात जोडले. मुलगा मागे उभा होता, त्याने भिंतीला टेकून डोळे पुसले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. म्हणाले, "अण्णा, थांबा. आता मी विचारते." मी सरांच्या समोर बसले. "सर, लिंग नको ना तुम्हाला?"

"हाव."

"बघा," मी म्हणाले.

दिरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "दमला त्यो. पहिलं बोलला ते मनातलं. आता तुम्ही उलटंपालटं विचारून राहिल्या, त्यो काय बोलणार?"

"मग पहिलं मी विचारलं असतं तर?"

"तर देवानं परीक्षा घेतली असं म्हटलं असतं," ते म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलाला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, सर मला काय म्हणाले होते ते. तो म्हणाला, "आई, ते आधीचं झालं. माणूस बदलतो. मी माझ्या कानांनी ऐकलं." मी म्हटलं, गायीला कप म्हणतात तेही कानांनीच ऐकलंस. तो उठून गेला.

पण लिंगाचं ठीक, ते मेल्यावरचं. मला रोज ज्याने जाळलं ते वेगळं होतं. "दुखतं का?" हाव. "दुखत न्हाई ना?" हाव. गोळी द्यायची की नाही? दिली तर दिवसभर झोप. नाही दिली तर कदाचित तो माणूस आत ओरडत असेल. कधी कपाळावर आठी दिसली की द्यायचे. पण आठी त्यांच्या कपाळावर पहिल्यापासूनच होती. इतक्या वर्षांचा संसार, आणि समोरच्या माणसाला दुखतंय का एवढं मला सांगता येईना. त्यांच्या पुस्तकात यावर काही असेल तर ते त्यांनी मला वाचून दाखवलं नव्हतं.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी लातूरच्याच कॉलेजात शिकवते. तिची जागा अजून आहे. ती बिलोलीकडची, बौद्ध घरातली, घरात पहिली शिकलेली. सर म्हणायचे, माझ्या हाताखालून गेलेल्यांत हिलाच काही कळलं. पुस्तक छापायचं तिने मनावर घेतलं होतं. रविवारी येऊन पानं लावायची. शेवटी ती रेघा मारलेली पानं घेऊन ती सरांपाशी बसली.

"सर, हे प्रकरण घेऊ ना? हे नसेल तर पुस्तक अर्धं वाटतं."

"हाव."

तिने पानं छातीशी धरली. मला म्हणाली, "काकू, सरांना समजतं. बघा ना, कसं बघतायत."

मी म्हटलं, "आता उलटं विचार."

तिने पानं मांडीवर घेतली. मी पुन्हा म्हटलं, विचार ना, तूच शिकवतेस की पोरांना. तिने पानांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"नको, काकू."

"का?"

"उलटं विचारलं अन् तेव्हाही हाव म्हणाले, तर माझ्याजवळ काय राहील?"

तिला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. दिरांना कळत नव्हतं म्हणून त्यांचा राग येऊन गेला. हिचा राग आला नाही, आणि तेच वाईट झालं. कारण मला दिसलं की सरांनी जन्मभर जे शिकवलं ते ज्याला पूर्ण समजलं, तो माणूसही गरज पडल्यावर त्याचा उपयोग करत नाही. मग बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं. त्या दिवशी मी सरांकडे बघितलं. ते आम्हा दोघींकडे बघत होते. समजून बघत होते की नुसते डोळे उघडे होते, कोण सांगणार.

सर थंडीत गेले. सकाळी, सून तोंड पुसायला गेली तेव्हा. गावाकडे नेलं. दिरांनी आधीच सगळं तयार ठेवलं होतं. सरांना खुर्चीवर बसवलं, कपाळाला, दंडांना, छातीला विभूती लावली. दिरांनी लिंगाचा दोरा हातात घेतला तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "त्यांना हे नको होतं." अंगणात माणसं भरलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. दोन बायकांनी मला दंडाला धरून बसवलं. एक म्हणाली, "लई दुःख झालंय बिचारीला." मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, आता नको." दोरा बांधला गेला. सरांचं डोकं एका बाजूला कललं होतं, ते कोणीतरी हाताने सरळ केलं. दीर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की धाकटा शेवटी घरी परतला. त्यांना मनापासून समाधान होतं. त्या गर्दीत समाधान असलेला तो एकटाच माणूस.

पुस्तक निघालं. ते प्रकरण त्यात आहे. सुरुवातीला त्या विद्यार्थिनीने लिहिलंय की सरांच्या होकारानंतर ते घेतलं आहे. पुस्तकांचे गठ्ठे तिच्या घरी पलंगाखाली आहेत. ती म्हणते, हळूहळू जातील. कोण मागायला आलं, ते मी विचारत नाही.

परवा मुलाला समोर बसवलं. म्हटलं, "माझी जीभ अजून चालते. तुला माझ्याबद्दल जे विचारायचं ते आत्ता विचारून घे. उलटं, सुलटं, दोन्हीकडून विचार. नंतर माझ्या तोंडून तुला पाहिजे ते काढू नकोस."

तो म्हणाला, "आई, असं अभद्र बोलू नये." मोबाईल वाजला, तो घेऊन गच्चीवर गेला. मी तूर निवडायला घेतली. खाली आल्यावर त्याने सुनेला विचारलं, भाजी काय आहे.