इन्व्हर्टरचं पाणी

माझ्या जावेचे केस अजून कमरेखाली येतात. ती माझ्याहून चांगली मोठी, सुना आणायच्या वयाची. आणि माझी वेणी करंगळीएवढी.

सांगूनच टाकते, मला तिचा हेवा वाटतो. लग्न होऊन आले तेव्हापासून वाटतो, आणि त्याचं कारण आहे पाणी. ती राहते वसमतला, तिच्या नळाला धरणाचं गोडं पाणी. आम्ही हिंगोलीत नव्या कॉलनीत घर बांधलं, आमच्या नळाला येतं बोअरचं. असलं जड पाणी, की साबण घासून हात दुखतो पण फेस म्हणून येत नाही. नळाच्या तोंडाला पांढरे खडे, बादलीला आतून पांढरा थर. स्टीलचे ग्लास कितीही घासा, पाहुण्यांपुढं ठेवताना लाज वाटते. आणि डाळ! कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, शेजारीण भिंतीवरून विचारते, "काहून गं, मटण हाय का आज?" झाकण काढावं तर डाळ एकीकडं आणि पाणी एकीकडं.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. त्या थोरलीकडंच राहतात. आमच्याकडं आल्या की वरणाचा पहिला घास घेतात आणि म्हणतात, "थोरलीच्या हाताला चव हाय बाई." हाताला! अहो, हात कसला, नळ म्हणा नळ! पण बोलायची सोय नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी थोरलीचे गुडघे धरले आणि महालक्ष्म्या पहिल्यांदा आमच्या घरी बसवायचं ठरलं. आत्याबाईंनी फोनवर बजावलं, "नीट झालं तर पुढं तिथंच बसवू. न्हाईतर थोरली हाय अन् मी हाय." मला त्या महालक्ष्म्या हव्या होत्या. ज्या घरी महालक्ष्म्या बसतात तिथं सगळं गणगोत जेवायला येतं, ते घर मोठं मानतात. एकदा तरी लोकांनी माझ्या दारात चपला काढाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं.

सगळं जमण्यासारखं होतं, पुरण सोडून. आमच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ मऊ होईल तर शपथ. सोडा घालावा तर आत्याबाईंना वासावरून कळतं. फिल्टरचा जार आणावा तर विकतचं पाणी सोवळ्याच्या स्वयंपाकाला चालत नाही, घरचंच लागतं.

घरचंच ना? मग थोरलीचं घर म्हणजे आपलंच घर की! आमचे हे नोकरीला रोज वसमतला अपडाऊन करतात. त्यांना म्हटलं, "वहिनींकडून एक कॅन भरून आणा."

"अन् काय सांगू त्यांना?"

"सांगा, नवा इन्व्हर्टर घेतलाय, त्याच्या बॅटरीत घालायला गोडं पाणी पाहिजे."

त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. थोरलीनं रिकामी कॅन स्वच्छ धुतली, पाणी गाळून भरून दिलं. मी ती ओट्याखाली गव्हाच्या पोत्याआड दडवली.

सणाच्या आदल्या दिवशी दोघी आल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून मी त्या पाण्यात पुरण शिजवलं. डाळ बोटानं दाबली तर लोणी! तेवढ्यात थोरली न्हाऊन बाहेर आली. आमच्या पाण्यानं तिच्या केसांची नुसती सुतळी झाली होती, फणी आत जाईना. खोटं कशाला बोलू, मला असलं बरं वाटलं! म्हटलं, बघा आता, आम्ही काय भोगतो ते.

नैवेद्य झाला, पुरुष जेवून उठले, बायकांची पंगत बसली आणि लाइट गेली. पंखे थांबले. उकाडा म्हणजे काय, बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"अगं, इन्व्हर्टर लाव की," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कॅन भरली तेव्हा आत्याबाई तिथंच बसलेल्या असणार. आणि आमच्या घरात इन्व्हर्टर कधी नव्हताच!

थोरलीनं बंद पंख्याकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. मग ताटातल्या पुरणाकडं. तिला ओळखायला कितीसा वेळ लागतो! आता ही भर पंगतीत माझी शोभा करणार, म्हणून मी वाढायचं भांडं घट्ट धरून उभी.

"बॅटरी उतरली असंल," ती म्हणाली आणि पुरणाचा घास घेतला.

आत्याबाईंनीही घास घेतला. थांबल्या. "थोरले, पुरण तू शिजवलंस व्हय?"

"न्हाई आत्याबाई, मी हात बी लावला न्हाई. हे तिचंच हाय."

आत्याबाईंनी दुसऱ्यांदा पुरण मागून घेतलं. "मग महालक्ष्म्यांचे मुखवटे राहू दे इथंच," म्हणाल्या.

झालं, मी जिंकले. आणि थोरलीचा त्या वेळी जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. पाणी गोड, केस लांब, वर मनही मोठं! बाईनं मला नाव ठेवायला म्हणून एक जागा ठेवली नाही.

आता महालक्ष्म्या माझ्याच घरी बसतात. दारात चपलांचा ढीग पडतो, लोक माझ्या पुरणाचं नाव काढतात. आणि सणाच्या तोंडावर हे वसमतहून येतात तेव्हा त्यांच्या हातात कॅन असते. मी मागितलेली नसते. थोरलीनं आपणहून भरून, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून दिलेली असते, आणि निरोप ठरलेला असतो: "इन्व्हर्टरला लागंल म्हणावं."