दक्षिणेकडून आलेला दूत

इंग्रज आपल्याकडे आलेच नाहीत, अशी एक गोष्ट मी लिहिली होती. तिच्यात आपल्या जुन्या विद्याच वाढत वाढत आजपर्यंत पोचल्यात आणि शिरूरला तालुक्याची विषशाळा आहे. तिथला वैद्य साप चावलेल्याकडे बघतसुद्धा नाही. तो बघतो निरोप घेऊन आलेल्या दूताकडे. दूत कुठल्या दिशेनं आला, कपडे कुठल्या रंगाचे, श्वास कोणत्या नाकपुडीतून चाललाय, हे पितळी यंत्रावर मोजायचं आणि रोगी जगणार का ते सांगायचं. दक्षिणेकडून लाल कपड्यांत कुणी आला की वैद्य हात जोडतो.

दूताची कल्पना जुन्या वैद्यकातली. यंत्र तेवढं माझ्या पदरचं. गोष्ट दिवाळी अंकात आली आणि मी अंक घेऊन दौंडहून वडगाव रासाईला मामांकडे गेलो, कौतुक करून घ्यायला. मामांनी सकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून ती मोठ्यानं वाचली. मामी शेजारी शेंगा फोडत ऐकत होत्या.

"ह्यातलं खरं किती?" मामांनी विचारलं.

"सगळं ग्रंथात आहे. अभ्यास केलाय मामा."

एवढं बोलून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी वर म्हणालो, "एक अक्षर खोटं निघालं तर लिहिणं सोडीन."

तेवढ्यात लाईट आली. मामा मोटर चालू करून उसाला पाणी द्यायला गेले आणि थोड्या वेळानं उसातून त्यांची हाक आली. घोट्याजवळ दोन ठिपके. "घोणस हाय. कुकरवानी फुसकारली," ते म्हणाले.

मी शेजारच्या वस्तीवर पळालो. गाडीवाल्याला घेऊन धापा टाकत परत आलो, तर मामा बांधावर बसलेले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मीही स्वतःकडे बघितलं. टी-शर्ट लालभडक.

"कुणीकडनं आलास?"

"मामा, गाडी आणलीय. चला."

"दक्षिणेकडनं," ते शांतपणे म्हणाले. "झालं मग. दौंडच्या रस्त्यात गाडीत मरण्यापरीस हितं बरं हाय."

"अहो, ते सगळं खोटं आहे!"

"मघाशी तर ग्रंथात व्हतं."

"ग्रंथातलंही खोटं असतं!"

"मंग अभ्यास कशाचा केलास?"

पाय डोळ्यांदेखत सुजत होता. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी टी-शर्ट काढून उसात भिरकावला. "आता?"

"आता उघडा दूत. त्याचं तू काय लिवलंयस?"

उघडा दूत लालपेक्षा वाईट, असं मीच लिहिलं होतं. सबंध परिच्छेद.

मामी निघून गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या विहिरीला वळसा घालून पलीकडून आल्या, डोक्यावर भरलेली कळशी, खांद्यावर पांढरा टॉवेल.

"अवं, दूत मी हाय. उत्तरेकडनं आले. ह्या येड्याला कुणी धाडलं नव्हतं, त्यो आपला आपण पळाला."

मामांनी विचार केला. "नाकपुडी?"

"डावी, शुभाची. उठा म्हंते ना!"

त्यांना उठू न देता आम्ही तिघांनी उचलून गाडीत घातलं. पुलाजवळ उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलरसकट आडवा होऊन रुतला होता. मागे-पुढे करत गाडी कडेच्या खडीवरून निघाली, तोवर मामींच्या पांढऱ्या टॉवेलवर मामांच्या हिरड्यांचं रक्त उतरलं होतं. मी उघडाच होतो.

दौंडला डॉक्टरांनी मामांना आत घेतलं आणि पहिला प्रश्न मला केला. "किती वाजता चावला? सूज कुठवर होती? रक्त कधी यायला लागलं?"

दूतावर अकरा पानं लिहिणारा मी, घड्याळसुद्धा बघितलं नव्हतं.

"साडेआठला लाईट आली," स्ट्रेचरवरून मामांचा आवाज आला. "पयली सरी भरायला अर्धा तास. दुसरीचं दार फोडताना चावली. लिवा, नऊ."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ती टेबलावर उभी केली. वीस मिनिटं कुणी हलवायची नाही. मी तिच्याकडे बघत भिंतीला चिकटून उभा. वीस मिनिटांनी नर्सनं नळी कलती केली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी ताबडतोब विषावरचं इंजेक्शन लावलं.

संध्याकाळी पुन्हा नळी कलती केली, तेव्हा रक्त तळाशी घट्ट बसलेलं होतं. हललं नाही. मामी खाली फरशीवरच बसल्या.

मामा आता बरे आहेत, थोडे लंगडतात. मी वस्तीवर गेलो की लांबूनच ओरडतात, "भाचेबुवा, तिकडनं!" मी विहिरीला वळसा घालून उत्तरेकडून जातो. पांढरा शर्ट घालून.