ब्रेकला तेल

मी माधवनगर सोडलं त्या सकाळी आप्पा एका चाकाची आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढत बसले होते. सायकल दुकानाच्या पायरीवर मी बॅग घेऊन उभा, आई पदराने डोळे पुसतेय, आणि आमचे वडील रिमला अंगठ्याचं नख लावून चाक फिरवतायत. "साताऱ्याला निघालो," मी म्हणालो, "परत या पान्याला हात लावणार नाही आणि या पायरीवर पायही ठेवणार नाही." त्यांनी मान वर केली नाही. "जा की. बिघडलं म्हंजी येशील," एवढंच म्हणाले. हा अपमान मी आठ वर्षं जपून ठेवला. सणासुदीला घरी जायचो, पण दुकान टाळून, मागच्या दारानं.

गाव सोडलेल्या आपण सगळ्यांनी पहिलं काम एकच केलं: जिथून आलो त्याला नावं ठेवली. साताऱ्यात कारखान्यात मी क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. वडील काय करतात असं कुणी विचारलं की "ऑटो लाइनमध्ये आहेत" म्हणून सांगायचो. माधवनगरची कापडगिरणी बंद पडली, कामगारांच्या सायकली गेल्या, तरी हा माणूस तिथंच बसून राहिला, याची मला लाज वाटायची.

साताऱ्यात दर रविवारी यवतेश्वरच्या घाटात जाणारा एक ग्रुप आहे. अर्धा घाट चढतात, फोटो काढतात आणि जेवढं वजन घटवलं त्याच्या दुप्पट मिसळ खाऊन उतरतात. कपडे असे चिकटलेले की बघणाऱ्यानेच नजर वळवावी. मला त्यांच्यात बसायचं होतं, हे आधीच कबूल करतो. म्हणून मी माउंटन बाइक घेतली.

पहिल्या दिवसापासून पुढच्या चाकाची डिस्क ब्रेकच्या पॅडला घासायची. दर फेऱ्याला खर्र. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे साहेब, झिजली की बसेल." ज्याला दुरुस्ती येत नाही त्याला प्रत्येक वस्तू नवीनच वाटते. ग्रुपमधल्या एका साहेबांनी आठ व्हिडिओ पाठवले. त्यांची स्वतःची सायकल बाल्कनीत टॉवेल वाळवायच्या कामी आली होती. मी मनात हसलो. अरे, मी सायकलवाल्याचा मुलगा! खरखर आली की तेल, हे बाळकडू घेतलेला. शिवणयंत्राचं तेल आणलं, डिस्कवर सोडलं, आणि मागच्या चाकाला तरी उपाशी का ठेवायचं म्हणून तिथंही सोडलं. आवाज बंद. "घरचं ज्ञान," असं ग्रुपवर लिहिलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घाट उतरताना दोन्ही ब्रेक दाबले. सायकलने दखलच घेतली नाही. समोर वळण, वळणापलीकडे दरी. कडेच्या खडीच्या ढिगात घुसलो म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. कोपर आणि गुडघा सोलून निघाला. ग्रुपने आधी फोटो काढला, मग हात दिला.

तेल प्यायलेल्या पॅडच्या जागी दुकानदाराकडून नवे पॅड घेतले, पण तेल मीच सोडलं हे सांगून ते त्याच्याकडून बसवून घ्यायची छाती होईना. आप्पांकडे जायचं तर त्यांचं "बिघडलं म्हंजी येशील" हे वाक्य आपल्याच पायांनी खरं करायचं. तीन आठवडे सायकल दाराआड उभी होती. शेवटी माझी मलाच किळस आली आणि ओळखीच्या टेम्पोत ती टाकून मी माधवनगरला आलो. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला.

आप्पांनी डिस्कवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "त्येल?"

"आवाज येत होता. तुम्हीच म्हणायचा, खरखर आली की तेल."

"चेनला रं! बिरेक धरतंय त्या रिमला कवा त्येल लावलेलं बगितलंस हितं? लय शिकलास गड्या."

अर्धंच वाक्य ऐकून मी घर सोडलं होतं. साताऱ्यात मी चुका काढतो म्हणे!

असला ब्रेक त्यांनी आयुष्यात हाताळला नव्हता. बराच वेळ नुसते बघत बसले. मग दोन्ही डिस्क स्पिरिटने पुसल्या, नवे पॅड घातले, पुढचं चाक डोळ्यांसमोर धरून डिस्क आणि पॅडमधल्या फटीतून उजेड पाहिला आणि ब्रेक ज्यांवर बसतो ते दोन बोल्ट ढिले केले. "बिरेक दाब. सोडू नगंस." लहानपणी जसा चाक धरून बसायचो तसा लिव्हर दाबून बसलो. ब्रेक आपसूक मधोमध आला. त्यांनी बोल्ट थोडे थोडे आवळले. "सोड." चाक फिरवून त्यांनी कान लावला. दोन्ही बाजूंना उजेड, आवाज नाही. त्या आठ व्हिडिओंतही हेच असणार. मी एकही उघडला नव्हता.

आता ते वाक्य येणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. आठ वर्षांनी ते ऐकायचीच माझी लायकी होती. आप्पांनी पाना फडक्याला पुसला.

"फुडल्या खेपंला बिघडायच्या आदी ये," म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी आत जाऊन आईला चहा टाकायला सांगितलं.

घर म्हणजे काय, यावर आमच्या ग्रुपचे साहेब आठ व्हिडिओ पाठवतील. मला त्यांची गरज नाही. सायकल ठणठणीत आहे. ग्रुप या रविवारीही मिसळ खायला जाणार आहे. मी माधवनगरला निघालोय, आणि काहीही बिघडलेलं नाही.